टाकी हलते, पाणी हिंदकळतं, पण आलेखाला काटे का?

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमची काचेची टाकी ६० सेंटिमीटर लांब आहे, त्यात १८ सेंटिमीटर पाणी. मोटरवर चालणारं टेबल ती सेकंदाला एकदा, दोन्ही बाजूंना ३-३ मिलिमीटर हलवतं. हेच आम्ही संगणकावर करून बघतोय. प्रत्यक्षात पाणी भिंतीशी जेवढं चढतं, त्याच्या निम्मंही तिथे चढत नाही. शिवाय भिंतीवरच्या दाबाच्या आलेखाला ठरावीक अंतराने काटे येतात. टाइम स्टेप (गणित एका वेळी जेवढा काळ पुढे सरकतं तो) ०.००१ वरून ०.०००५ सेकंद केली तर काटे दुप्पट उंच झाले! मेशचे, म्हणजे गणितासाठी टाकीवर आखलेल्या जाळीचे, चौकोन २ सेंटिमीटरचे आहेत, के-एप्सिलॉन हे प्रवाहातल्या खळबळाटाचं मॉडेल चालू आहे. टाकीची जागा दर ०.१ सेकंदाला तक्त्यात दिली आहे, मधले बिंदू सॉफ्टवेअर सरळ रेषेने जोडतं. मेश हलवण्याऐवजी गुरुत्वच बदलत ठेवलं तर सुटेल का?

उत्तर : टाइम स्टेप निम्मी केल्यावर काटे दुप्पट झाले, हे तुम्ही आवर्जून लिहिलंत ते फार बरं केलंत. दुखणं तिथेच सापडतं. आकडेमोडीतली चूक असती, तर स्टेप लहान केल्यावर ती सहसा कमी झाली असती. वाढली, म्हणजे तुमच्या टाकीलाच धक्के बसताहेत.

तक्त्यातले दोन बिंदू सरळ रेषेने जोडले की त्या ०.१ सेकंदात टाकीचा वेग एकसारखा राहतो आणि पुढच्या बिंदूशी एकदम बदलतो. तुमच्या टाकीचं खरं त्वरण जास्तीत जास्त ०.१२ मीटर प्रति सेकंद वर्ग. तक्त्यातल्या मोठ्या वळणांशी मात्र वेग सेकंदाला १ सेंटिमीटरहून थोडा जास्त बदलतो, आणि तो बदल ०.००१ सेकंदाच्या एकाच स्टेपमध्ये उरकला जातो. म्हणजे त्वरण ११ च्या आसपास, गुरुत्वापेक्षाही जास्त! पाणी जवळजवळ असंपीड्य, म्हणजे दाबून आकसत नाही, त्यामुळे दाब तत्क्षणी उसळतो. स्टेप निम्मी केली की तोच बदल निम्म्या वेळात, म्हणून काटा दुप्पट. एकदा मी स्वतः अशाच काट्यांपायी तीन आठवडे मेश बारीक करत बसले होते. गतीच्या फाइलकडे बघायचं सुचलंच नाही. तेव्हापासून पाण्याला हात लावण्याआधी मी टाकीच्या त्वरणाचा आलेख काढते.

तक्ता काढून टाका आणि गती सूत्रानेच द्या. त्यातही नुसती साइन लाट दिलीत तर पहिल्याच क्षणी टाकीला पूर्ण वेग असतो आणि पाणी स्थिर. तिथेही एक काटा येणार. पहिल्या चार-पाच आवर्तनांत आयाम (टाकी एका बाजूला किती हलते ते अंतर) शून्यापासून हळूहळू वाढवा.

आता गुरुत्वाचं. टाकी नुसती सरकत असेल तर टाकीसोबत बसून बघणं आणि टाकीच्या उलट त्वरण गुरुत्वात मिळवणं अगदी योग्य आहे. मेश स्थिर राहते, गणित हलकं होतं. पण ते त्वरण याच तक्त्यातून काढलंत तर काटेही सोबत येतील. टाकी डोलणारी किंवा फिरणारी असेल तर फिरण्यामुळे भासणाऱ्या बलांची, म्हणजे कोरिऑलिस आणि अपकेंद्री, पदंही घालावी लागतात. तिथे मी मेशच हलवते.

पाणी कमी का चढतं? आधी हातानं एक आकडा काढा. पाय (π) गुणिले गुरुत्वत्वरण भागिले टाकीची लांबी. त्याला 'पाय गुणिले खोली भागिले लांबी' याच्या हायपरबोलिक टॅन्जेंटने गुणा आणि वर्गमूळ घ्या. ही कोनीय वारंवारिता. तुमच्या टाकीसाठी पहिल्या हिंदोळ्याचा आवर्तकाल १.०२ सेकंद येतो, आणि तुम्ही हलवताय १ सेकंदाने! म्हणजे अनुनादाच्या अगदी दारात: धक्के पाण्याच्या स्वतःच्या झोक्याशी जुळतात आणि लाट वाढत जाते. इथे पाणी १८ ऐवजी १७ सेंटिमीटर भरलं गेलं तरी आवर्तकाल १.०४ होतो आणि लाटेची उंची बरीच बदलते. प्रयोगातली खोली पट्टीने पुन्हा मोजा.

मग टाकी स्थिर ठेवून एक चाचणी घ्या. सुरुवातीला पृष्ठभागाला अर्ध्या कोसाइनचा आकार द्या, एका भिंतीशी ५ मिलिमीटर वर, दुसरीशी तेवढाच खाली. सोडून द्या आणि झोके मोजा. आवर्तकाल १.०२ च्या जवळ हवा, आणि दोन-चार झोक्यांत लाट विरता कामा नये. २ सेंटिमीटरच्या चौकोनांत ती विरणारच. प्रत्येक चौकोनात पाण्याचा वाटा ० ते १ या आकड्याने मोजायची पद्धत हर्ट आणि निकोल्स यांनी १९८१ मध्ये मांडली, आणि बहुतेक सॉफ्टवेअर आजही त्याच वाटेने जातात. पण ५ मिलिमीटरची लाट एकाच चौकोनात मावली तर तो आकडा काय सांगणार? पृष्ठभागाच्या पट्ट्यात तरी चौकोन २ मिलिमीटरपर्यंत आणा, आणि तिथला कूरांट आकडा (एका टाइम स्टेपमध्ये पाणी किती चौकोन ओलांडतं तो) ०.५ च्या खाली ठेवा. के-एप्सिलॉन बंद करा. हवा-पाण्याच्या सीमेवर ते नसलेला खळबळाट निर्माण करतं आणि लाटेची ऊर्जा खाऊन टाकतं. लाट फुटत नाही तोवर लॅमिनार, म्हणजे खळबळाटाच्या मॉडेलशिवायचं, गणित पुरेसं आहे.

लाट किती झोक्यांत मंदावते, याकडे मी इतकी का बघते? २००७ च्या मार्चमध्ये फाल्कन १ रॉकेटच्या दुसऱ्या टप्प्यातला द्रव ऑक्सिजन हिंदकळत राहिला, डोलणं वाढत गेलं आणि रॉकेट कक्षेत पोचलं नाही. त्या टाकीत लाट मोडणाऱ्या आडव्या पट्ट्या नव्हत्या.

स्थिर टाकीच्या चाचणीचा आलेख मला जरूर पाठवा. चौकोन २ मिलिमीटरचे आणि १ मिलिमीटरचे, दोन्ही.