एईडी कंपनीतली ऑफर : बॅटऱ्या बदलण्यापलीकडे काय?

प्रश्न : मुलीनं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय. एईडी बनवणाऱ्या कंपनीत फील्ड सर्व्हिस इंजिनिअरची ऑफर आलीय. गावोगाव बॅटऱ्या बदलत फिरायचं का? – एक पालक, सांगली

नमस्कार,

तुमची शंका निम्मी खरी आहे. एईडी म्हणजे विमानतळावर किंवा मॉलमध्ये भिंतीवरच्या पेटीत ठेवलेला डेफिब्रिलेटर, हृदयाला विजेचा शॉक देणारं यंत्र. पॅड छातीला चिकटवले की तो हृदयाची लय स्वतः वाचतो आणि ती शॉकनं सुधारण्याजोगी असेल तरच शॉक देतो. सरळ रेघेवर, म्हणजे हृदयाची हालचाल पूर्ण थांबलेली असताना, शॉक देत नाही. सिनेमावाले काहीही दाखवोत.

हे यंत्र फील्डवर सहसा उघडत नाहीत. आतला कपॅसिटर (शॉकची वीज साठवणारा भाग) हजार-दीड हजार व्होल्ट किंवा त्याहून जास्त दाबानं चार्ज होतो, त्यामुळे बिघाड झाला तर अख्खं युनिट बदलून कारखान्यात पाठवतात. फील्डवर उरतात ते पॅड आणि बॅटरी. पॅडच्या जेलची मुदत साधारण दोन ते चार वर्षं. पाकिटाला चीर गेली तर जेल आधीच वाळतो, कातडीशी संपर्क नीट होत नाही आणि ऐनवेळी यंत्र ‘पॅड तपासा’ एवढंच सांगत बसतं. बॅटरी बहुधा लिथियमची, चार्ज न होणारी, चार-पाच वर्षांची. बरीच मॉडेल्स रोज स्वतःची चाचणी घेतात आणि नापास झाली की बीप देतात. त्या आवाजाला कंटाळून कुणी बॅटरीच काढून ठेवली, तर पेटी भिंतीवर दिसते पण निकामी असते. सीपीआर (छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं) मिळाला नाही तर शॉकला होणाऱ्या उशिराच्या दर मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. म्हणून हे काम हलकं समजू नका. मात्र त्यातलं नवं शिक्षण सहा-आठ महिन्यांत संपतं, हेही खरं.

पुढची वाट कारखान्यात आहे. तिथं ॲनलायझरच्या, म्हणजे शॉक मोजणाऱ्या यंत्राच्या, ५० ओहम लोडवर (माणसाच्या छातीऐवजी वापरायचा रोध) शॉक देऊन ऊर्जा मोजतात (बऱ्याच बायफेसिक, म्हणजे दोन्ही दिशांनी प्रवाह सोडणाऱ्या, यंत्रांत १२० ते २०० जूल, काहींत ३६०) आणि परत आलेल्या युनिटचा लॉग (यंत्रानं स्वतः ठेवलेली नोंद) काढून बिघाडाचं कारण शोधतात. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ प्रमाणे हे उपकरण जोखमीनुसार ठरणाऱ्या ‘सी’ वर्गात येतं आणि उत्पादनाचा परवाना केंद्राकडून घ्यावा लागतो. त्यामुळे आयएसओ १३४८५ (वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्ता व्यवस्थेचं मानक) आणि आयईसी ६०६०१-२-४ (डेफिब्रिलेटरच्या सुरक्षिततेचं मानक) समजणारी माणसं कंपनीला लागतातच. परवाने आणि नियमांचं काम पाहणाऱ्या रेग्युलेटरी विभागात मात्र डिप्लोमावाल्यांना अडतं. पुढं डिग्री करावी लागेल.

आता मुलीनं एचआरला हे विचारावं : कंपनीकडे उत्पादनाचा परवाना आहे की फक्त आयातीचा? कारखान्यात प्रशिक्षण किती आठवडे, आणि ॲनलायझर हाताळायला देणार का? विक्रीचं टार्गेट आहे का? एका इंजिनिअरकडे किती यंत्रं, किती जिल्हे? दीड वर्षानं टेस्टिंग किंवा क्वालिटी विभागात बदली मागता येते का? बाँड असेल तर ही शेवटची गोष्ट लेखीच घ्या. तोंडी ‘बघू’ म्हणाले तर ‘नाही’ समजा.

उत्पादन इथंच होत असेल आणि टार्गेट नसेल तर ऑफर घ्यावी. आयात करून विकणारीच कंपनी असेल आणि टार्गेटही असेल, तर ती सेल्सची नोकरी आहे, पदाचं नाव काहीही असो. त्यापेक्षा मोठ्या रुग्णालयाच्या बायोमेडिकल विभागात पगार थोडा कमी मिळाला तरी चालेल. व्हेंटिलेटर, मॉनिटर, सिरिंज पंप, सगळं हाताखालून जातं.