घरचा लिनक्स : पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांमध्ये एक वाक्य वारंवार दिसले : ‘शेवटी सगळे पुसून सिस्टीम नव्याने टाकली.’ घरच्या संगणकाची काळजी घेणाऱ्या माणसाला हे वाक्य वाचून वाईट वाटावे, कारण सिस्टीम नव्याने टाकल्यावर लक्षण जाते, मूळ कारण बहुधा तसेच राहते आणि ते शोधायला उपयोगी पडणाऱ्या नोंदी त्याच पुसापुसीत नाहीशा होतात. म्हणून आजच्या उत्तरांमध्ये उपायाच्या आधी कारण कसे ओळखावे यावर भर दिला आहे. कमांडची नावे येथे उच्चाराप्रमाणे छापली आहेत. टंकताना ती इंग्रजी लहान अक्षरांत टंकावीत.

प्रश्न : घरी लिनक्स मिंट आहे. परवापासून पासवर्ड टाकला की पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा लॉगिनचाच पडदा समोर येतो. पासवर्ड चुकला तर तसा संदेश येतो, म्हणजे तो बरोबरच आहे. दुरुस्तीवाल्यांनी सिस्टीम पुन्हा टाकावी लागेल असे सांगितले आहे, पण मुलीच्या प्रबंधाच्या फाइली आत आहेत. (गिरगाव)

सिस्टीम पुन्हा टाकू नये. आपण केलेल्या वर्णनावरून फाइली जागच्या जागी असण्याची शक्यता फार मोठी आहे. बरोबर पासवर्ड स्वीकारून बाहेर फेकणारे मशीन बहुतेक वेळा एकच गोष्ट सांगत असते : डिस्क काठोकाठ भरली आहे. लॉगिन होताना डेस्कटॉपला आपल्या होम फोल्डरमध्ये काही छोट्या फाइली लिहाव्या लागतात. त्या लिहायला जागा नसली की सत्र सुरू होण्याआधीच कोसळते. सिस्टीम मात्र चालू राहते, कारण ईएक्सटी४ या फाइल सिस्टीममध्ये (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीत) सुमारे ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सर्वाधिकारी खात्यासाठी, राखून ठेवलेली असते.

लॉगिनच्या पडद्यावर असताना कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ या तीन कळा एकत्र दाबाव्यात. काळ्या पडद्यावर नाव विचारले जाईल. तेथे आपले नाव आणि पासवर्ड द्यावा. (पासवर्ड टंकताना काहीही उमटत नाही, ते तसेच अपेक्षित आहे.) आत गेल्यावर ‘डीएफ’ ही कमांड ‘-एच’ या पर्यायासह द्यावी. प्रत्येक विभाग किती टक्के भरला आहे याचा तक्ता येतो. ज्या ओळीच्या शेवटी नुसती तिरकी रेघ आहे, तो मूळ विभाग. तेथे १०० टक्के दिसले, तर निदान झाले.

आता जागा कोणी खाल्ली ते पाहावे. मिंटमध्ये पहिला संशय टाइमशिफ्टवर, म्हणजे सिस्टीमच्या प्रती जपणाऱ्या प्रोग्रॅमवर, घ्यावा, कारण वेगळी डिस्क निवडलेली नसेल तर त्याचे स्नॅपशॉट (त्या त्या वेळच्या प्रती) त्याच मूळ विभागात साठत जातात. ‘सुडो टाइमशिफ्ट --लिस्ट’ (‘सुडो’ म्हणजे रूटच्या अधिकाराने) दिल्यावर यादी दिसते आणि जुने स्नॅपशॉट ‘--डिलीट’ या पर्यायाने काढता येतात. ते फोल्डर ‘आरएम’ने हाताने पुसण्याच्या फंदात पडू नये. एक स्नॅपशॉट काढूनही फारशी जागा मोकळी झाली नाही तर गोंधळून जाऊ नये. न बदललेली फाइल सर्व स्नॅपशॉटमध्ये मिळून एकदाच साठवलेली असते, त्यामुळे तिची जागा शेवटचा स्नॅपशॉट गेल्यावरच सुटते. त्यानंतर ‘सुडो एपीटी क्लीन’ने उतरवलेली जुनी पॅकेजे काढावीत, ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज’ने नको असलेले जुने कर्नल (सिस्टीमचे गाभे) काढावेत, आणि ‘सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ’ला ५०० एमबी ही मर्यादा देऊन नोंदवह्या आटोक्यात आणाव्यात. या नोंदवह्या मुळातच विभागाच्या १० टक्क्यांपर्यंत, फार तर ४ जीबीपर्यंत वाढू दिलेल्या असतात. बूट फोल्डरमधल्या कर्नलच्या फाइली स्वतःच्या हाताने कधीही पुसू नयेत.

डिस्कवर भरपूर जागा असूनही हीच तक्रार असेल, तर होम फोल्डरमधली ‘.एक्सऑथॉरिटी’ ही लपलेली फाइल कोणाच्या मालकीची आहे ते ‘एलएस -एलए’ने पाहावे. ग्राफिकल प्रोग्रॅम सुडोने चालवला की ती कधीकधी रूटच्या नावावर जाते. तिचे नाव बदलून पुन्हा लॉगिन केले की नवी फाइल आपोआप तयार होते.

आत शिरता आले की पहिले काम प्रबंधाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेण्याचे करावे. साफसफाईचा दुसरा हप्ता त्यानंतर.

प्रश्न : वीज गेली, आली आणि मशीन ‘इनिट-रॅम-एफएस’ असे कंसात लिहून थांबले. इंटरनेटवर सापडलेली ‘एफएससीके -वाय’ ही फाइल सिस्टीम तपासून दुरुस्त करणारी कमांड दिल्यावर सुरू झाले, पण महिन्याभरात हे दुसऱ्यांदा घडले. डिस्क बदलावी का? (मालाड)

मुंबईत वीज क्वचित जाते, आणि त्यामुळेच आपल्याकडच्या अनेक घरांत संगणकाला यूपीएस नसतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी अख्ख्या शहराची वीज गेली, तेव्हा ही उणीव पुष्कळांच्या लक्षात आली असेल. अर्थात, अचानक वीज जाणे सहन करता यावे यासाठीच ईएक्सटी४मध्ये जर्नल (बदलांची आगाऊ नोंद) असते. एखाद्या वेळी हाताने तपासणी करावी लागली तर समजण्यासारखे आहे, पण महिन्याभरात दोनदा तसे होत असेल तर केवळ विजेला दोष देऊन थांबू नये.

‘-वाय’ या पर्यायाचा अर्थ ‘प्रत्येक प्रश्नाला होय’ असा आहे. डिस्क निरोगी असेल तर त्याने काम भागते. डिस्क मरायला टेकली असेल तर तीच दुरुस्ती तिच्यावर हजारो नव्या नोंदी लिहिते आणि वाचू शकणारा डेटाही घालवू शकते. म्हणून क्रम असा ठेवावा : पेनड्राइव्हवरच्या लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या) सिस्टीमने मशीन सुरू करावे, डिस्कची प्रकृती पाहावी, महत्त्वाच्या फाइलींची प्रत घ्यावी आणि मगच, विभाग माउंट केलेला (वापरासाठी जोडलेला) नसताना, तपासणी चालवावी. आपण दोनदा ही कमांड चालवली आहे, तेव्हा मूळ विभागातले ‘लॉस्ट+फाउंड’ हे फोल्डरही रूट म्हणून उघडून पाहावे. ज्या तुकड्यांचे नाव-गाव सापडले नाही ते तेथे हॅशचे चिन्ह आणि आकडा अशा नावाने ठेवलेले असतात. ‘फाइल’ ही कमांड त्यांच्यावर चालवली की कोणता फोटो आणि कोणता दस्तऐवज हे कळते.

प्रकृती पाहण्यासाठी ‘स्मार्टमॉनटूल्स’ हे पॅकेज घालून ‘सुडो स्मार्टसीटीएल -ए’ ही कमांड डिस्कच्या नावासह द्यावी. साटा डिस्कच्या तक्त्यात चार ओळी महत्त्वाच्या. क्रमांक ५ म्हणजे खराब होऊन बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे निकालाची वाट पाहणारे सेक्टर, १९८ म्हणजे दुरुस्त न होणारे सेक्टर. यांच्या शेवटच्या रकान्यात शून्याहून मोठा आणि वाढत जाणारा आकडा असेल तर डिस्क बदलावी. तडजोड करू नये. क्रमांक १९९ची गोष्ट वेगळी आहे. तो आकडा डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेवर बिघडलेल्या संदेशांचा असतो आणि त्याचे कारण जवळजवळ नेहमी साटा केबल किंवा तिचे सैल झालेले टोक हे असते. समुद्राजवळच्या घरांत खाऱ्या, दमट हवेने धातूचे संपर्क खराब होतात, त्यामुळे आपल्याकडे तर ही ओळ आधी पाहावी. चांगली डिस्क या एका आकड्यापायी भंगारात गेलेली मी पाहिली आहे, आणि तेवढ्या पैशांत लॅमिंग्टन रोडवर डझनभर केबल आल्या असत्या.

मात्र १९९चा आकडा कधीच कमी होत नाही. केबल बदलल्यावर तो शून्य झाला नाही म्हणून निराश होऊ नये. आजचा आकडा लिहून ठेवावा, आठवडाभराने पुन्हा पाहावा. तो तेवढाच राहिला तर रोग गेला. आपली डिस्क एनव्हीएमई प्रकारची असेल तर हे क्रमांक दिसणार नाहीत. तेथे ‘मीडिया एरर’ आणि ‘पर्सेंटेज यूज्ड’ या ओळी वाचाव्यात. फेडोरा वापरणाऱ्या वाचकांसाठी एक इशारा : तेथे २०२०पासून डेस्कटॉपला बीटीआरएफएस ही फाइल सिस्टीम येते, आणि तिची ‘चेक --रिपेअर’ ही कमांड जाणकाराच्या सल्ल्यावाचून अजिबात वापरू नये.

प्रश्न : एकाच मशीनवर विंडोज आणि उबंटू दोन्ही आहेत. उबंटू वापरून झाल्यावर विंडोजमध्ये गेले की घड्याळ साडेपाच तास मागे असते. मदरबोर्डचा सेल बदलूनही फरक पडला नाही. (चेंबूर)

सेल निर्दोष होता. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक प्रमाणवेळ ठेवतो, विंडोज स्थानिक वेळ ठेवतो, आणि भारतीय वेळेचे त्या प्रमाणवेळेशी अंतर नेमके साडेपाच तासांचे आहे. उबंटूमध्ये ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ ही कमांड एकदा दिली की दोघांचे जमते. कमांड धोक्याची सूचना दाखवेल. ती मुख्यतः उन्हाळ्यात घड्याळ पुढे करणाऱ्या देशांसाठी आहे आणि भारतात तशी पद्धत नाही.

सेलचा दोष वेगळा दिसतो. मशीन भिंतीवरच्या स्विचपासून बंद केल्यावर तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि मग बँकेच्या संकेतस्थळापासून सगळीकडे प्रमाणपत्र अवैध असल्याचे संदेश येऊ लागतात. तसे झाले तरच सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा सेल बदलावा.

प्रश्न : जुनी हार्ड डिस्क काढून टाकल्यापासून सुरू होताना ‘स्टार्ट जॉब’ असे काहीतरी लिहून मशीन दीड मिनिट थांबते, मग नीट चालते. (मुलुंड)

‘ईटीसी’ फोल्डरमधल्या ‘एफएसटॅब’ या फाइलीत काढलेल्या डिस्कची ओळ शिल्लक आहे आणि सिस्टीमडी हा मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम तिची ठरलेले ९० सेकंद वाट पाहतो. वाट पाहून मशीन पुढे जाते, यावरून ती ओळ स्वॅपची (मेमरी अपुरी पडल्यावर वापरायच्या डिस्कवरच्या जागेची) असावी. साध्या डेटा विभागाची असती तर मशीन बहुधा इमर्जन्सी मोडमध्ये थांबले असते. ‘सुडो बीएलकेआयडी’ने आज हजर असलेल्या विभागांचे ओळखक्रमांक पाहावेत, एफएसटॅबमधले क्रमांक त्यांच्याशी ताडावेत आणि ज्याचा जोडीदार सापडत नाही त्या ओळीच्या सुरुवातीला हॅशचे चिन्ह घालावे. ओळ पुसू नये. रीस्टार्ट करण्यापूर्वी ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ चालवून फाइलीत चूक राहिली नाही याची खात्री करून घ्यावी. अधूनमधून जोडायच्या बाहेरच्या डिस्कच्या ओळीत ‘नोफेल’ हा पर्याय लिहिला की ती नसली तरी मशीन अडून बसत नाही.

प्रश्न : मी मुद्रितशोधनाचे काम घरून करते. लिनक्सवर ‘वाऱ्यावर’ टंकायला गेले की ‘वार्यावर’ उमटते आणि ‘ल’, ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात. लिनक्सला मराठी नीट येत नाही, असे समजावे का? (दादर)

तसे समजू नये. दोन्ही गोष्टी सेटिंगच्या आहेत. ‘आयबस-एम१७एन’ हे पॅकेज घालून, एकदा लॉगआउट करून, कीबोर्डच्या यादीतून मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांची प्रमाण कळमांडणी) निवडावा. साधा ‘र’ पाय मोडून ‘य’ला जोडला की ‘सूर्य’मधला रफार तयार होतो. ‘वाऱ्यावर’मधल्या अर्ध्या र-साठी नुक्त्याचा ‘ऱ’ लागतो : शिफ्टसह ‘जे’ची कळ, मग हलन्तासाठी ‘डी’, मग ‘य’साठी तिरक्या रेघेची कळ. आठवडाभरात बोटांना सवय होते.

अक्षरांचे वळण मजकुराच्या भाषेवर ठरते. लिब्रेऑफिसमध्ये जटिल लिपीची भाषा हिंदी ठेवलेली असेल तर फाँट हिंदी रूपे दाखवतो. ती मराठी करावी आणि ज्या फाँटमध्ये मराठी रूपे अंतर्भूत आहेत तोच निवडावा. आपले काम छपाईला जाणारे असल्यामुळे पीडीएफ करताना फाँट आत समाविष्ट झाले आहेत ना, हे ‘पीडीएफफाँट्स’ या कमांडने पाहावे. ‘ईएमबी’ या रकान्यात सगळीकडे ‘येस’ दिसायला हवे.

प्रश्न : वडिलांच्या मशीनवर उबंटू २०.०४ आहे. सगळे सुरळीत चालले आहे, मग अपग्रेड कशाला करायचा? (गोरेगाव)

त्या आवृत्तीला मिळणारा नेहमीचा आधार मे २०२५मध्ये संपला. मशीन पुढेही चालत राहील, पण त्यावरच्या सिस्टीममधली सुरक्षेची भोके बुजणार नाहीत, आणि वडील त्याच मशीनवरून बँकेचे व्यवहार करत असतील तर हा धोका पत्करण्याचे काही कारण नाही. तातडीने अपग्रेड जमत नसेल, तर वैयक्तिक वापरासाठी ५ मशीनपर्यंत विनामूल्य असलेले उबंटू प्रो जोडावे, त्याने २०.०४ला एप्रिल २०३०पर्यंत सुरक्षा अद्यतने मिळतात. वयस्कर माणसाला सवयीचा पडदा बदललेला आवडत नसेल तर हा मार्ग मला अधिक माणुसकीचा वाटतो.

अपग्रेडच करायचा असेल तर २०.०४वरून थेट २४.०४वर जाता येत नाही, आधी २२.०४, मग २४.०४. त्यापूर्वी प्रत घ्यावी, आणि येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे : टाइमशिफ्ट सिस्टीमच्या फाइली जपतो, होम फोल्डर मूळ मांडणीत वगळतो. वडिलांचे फोटो आणि कागदपत्रे वेगळ्या डिस्कवर ‘आरसिंक’ने किंवा उबंटूबरोबर येणाऱ्या बॅकअपच्या प्रोग्रॅमने घ्यावीत, ती डिस्क दुसऱ्या मशीनला जोडून दोन-चार फाइली उघडून पाहाव्यात आणि मगच ‘सुडो डू-रिलीज-अपग्रेड’ ही कमांड द्यावी. वाटेत एखादी मांडणीची फाइल जुनी ठेवायची की नवी घ्यायची असा प्रश्न येईल. त्या फाइलीत वडिलांनी किंवा आपण स्वतः काही बदलल्याचे आठवत नसेल तर नवी घ्यावी.