'मानो'ला वहीचं एक अख्खं पान दे

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी स्पॅनिश शब्दांची वही पाहिली. अक्षर सुरेख आहे, मेहनतही दिसते. पण 'मानो'समोर 'हँड' लिहून तू लगेच खालच्या ओळीवर गेलीस, तिथे मी अडले. या एका शब्दाला वहीचं अख्खं पान दे.

आधी 'ला मानो' असं लिही, 'ला' हे स्त्रीलिंगी उपपद. शेवटी 'ओ' आला की पुल्लिंगी, हा नियम तू घोकला आहेस आणि आपला 'हात'ही पुल्लिंगी, त्यामुळे जीभ घसरणारच. लॅटिनमधला 'मानुस' स्त्रीलिंगी होता. स्पॅनिशने शेवट बदलला, लिंग तेच ठेवलं. ला मानो, अनेकवचनी लास मानोस.

मग त्याची हद्द. आपला हात खांद्यापासून बोटांपर्यंत असतो. त्यांची मानो मनगटाशी संपते, त्याच्या वर 'ब्रासो'. माद्रिदमधल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी जिन्यावरून पडले, कोपर सुजलं. दवाखान्यात मी 'मे दुएले ला मानो', म्हणजे हात दुखतोय, एवढंच म्हणत राहिले आणि डॉक्टरीणबाई माझं एकेक बोट हलकेच वाकवून बघत राहिल्या. शेवटी स्वेटरची बाही वर सरकवली, तेव्हा कुठे त्यांना कळलं.

त्या वाक्यात 'माझा' कुठेच नाही, हे बघ. 'मे लावो लास मानोस' म्हणजे मी हात धुते. 'मी माझे हात धुते' असं आपण तरी कुठे म्हणतो? इंग्रजीच्या वाटेने गेलीस तर तिथे 'माझे' घुसडशील. मराठीतून सरळ गेलीस तर वाक्य आपोआप बरोबर येईल. तुला माझं हेच सांगणं आहे गं, अर्थ मराठीत लिही.

बघ ना, रस्ता विचारलास तर 'आ मानो देरेचा' ऐकशील: उजव्या हाताला. भिंतीला 'ऊना मानो दे पिंतूरा' देतात, आपणही रंगाचा एक हात मारतो. भाजी खारट झाली की 'से मे फुए ला मानो कोन ला साल', आपल्या हातून मीठ जास्त पडतं तसंच. दोन्हीकडे दोष हातावर जातो, स्वयंपाक करणारी सुटते! असं एखादं वाक्य सापडलं की मला अजूनही फार आनंद होतो.

पण मराठीही कधी कधी फसवते. 'मानो आ मानो' ऐकून 'हातोहात' आठवेल, तर तसं नाही. ते दोघांनीच समोरासमोर करायचं काम. बैलझुंजीत एरवी तीन मातादोर, म्हणजे बैलाशी लढणारे, असतात. दोघेच उतरले की तिला 'मानो आ मानो' म्हणतात.

क्रियापदं आणि उपपदं मात्र पाठच कर. मदत करणं म्हणजे स्पेनमध्ये 'एचार ऊना मानो', अर्जेंटिनात 'दार ऊना मानो'. 'ऊना'च्या जागी 'ला' आलं की 'दार ला मानो', म्हणजे हात मिळवणं. 'मेतेर मानो' मात्र जपून. त्याला अंगचटीला जाण्याचा अर्थ आहे, कामात हात घालण्यासाठी ते वापरू नकोस. रेआल अकादेमिया या स्पेनमधल्या भाषासंस्थेचा कोश इंटरनेटवर फुकट आहे. त्यात 'मानो' काढ, पण सगळं एका बैठकीत उतरवू नकोस. रोज एक प्रयोग घे, त्याचं स्वतःचं एक वाक्य कर आणि मोठ्याने म्हण.

आणि पानाच्या तळाशी थोडी जागा ठेव. मेक्सिकोत मका वाटायचा तीन पायांचा उतरता दगड असतो, मेताते. बाई त्याच्यापुढे गुडघे टेकून बसते आणि दोन्ही हातांनी एक लांबट दगड पुढे-मागे लोटते. त्या दगडालाही 'मानो'च म्हणतात. आपला वरवंटा. नाहुआत्ल या तिथल्या मूळ भाषेत त्याचं जुनं नाव 'मेत्लापिल्ली', म्हणजे मेतातेचं मूल. बारशाला आपल्याकडे पाळण्यात आधी वरवंटा ठेवतात, ते तू तुझ्या भाच्याच्या वेळी पाहिलंच आहेस.

पुढच्या रविवारी वही घेऊन ये.

तुझ्या बाई