निवडून दिलं, तरी फौज वाढलीच कशी?

प्रश्न : मास्तर, इराक युद्धाला अमेरिकेतले लोक विटले होते, २००६ ला विरोधक जिंकले. तरी सैनिक वाढले. हे कसं? टपरीवर दोन दिवस वाद चालू आहे. – एक वाचक, ता. दारव्हा

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र तुरीला पाणी देता देता वाचलं, कोपरा भिजला. राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या पक्षाचे रिपब्लिकन म्हणत, हाती घेतलं ते तडीस नेऊ. विरोधातले डेमोक्रॅट म्हणत, दिशा बदला. पण फौज परत कधी आणायची, यावर त्यांच्यातच एकमत नव्हतं. कारण ऑक्टोबर २००२ मध्ये सिनेटनं (संसदेच्या वरच्या सभागृहानं) युद्धाची परवानगी ७७ विरुद्ध २३ मतांनी दिली, होकार देणाऱ्यांत २९ डेमोक्रॅट होते. सोयाबीन पेरताना दोघा भावांनी हो म्हणायचं आणि खोडमाशी लागली की धुऱ्यावर भांडायचं, तसंच. (आमच्या घरचाच किस्सा आहे, असो.)

डेमोक्रॅटांनी संसदेची दोन्ही सभागृहं जिंकली खरी, पण सरसेनापती राष्ट्राध्यक्षच. जानेवारी २००७ मध्ये बुश यांनी वीस हजारांवर सैनिक वाढवले. काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, माघारीच्या तारखांसह खर्चाचं विधेयक पाठवलं; १ मे रोजी बुश यांनी नकाराधिकार वापरला. तो मोडायला दोन तृतीयांश मतं लागतात, तेवढी नव्हती. टपरीवर हा आकडा सांगा.