कालव्यावर बाहेरून आलेल्या बागायतदारांनी नगर जिल्ह्यातल्या जमिनी चोपण (पाणी साचून, क्षार वर येऊन निकामी) केल्या हे खरं का? आणि त्या लोकांचं सुरुवातीचं आयुष्य कसं होतं?

आधी त्या "बाहेरून आलेल्या" शब्दाचं बघू. माझं वय चौऱ्याऐंशी, जन्म प्रवरेच्या पाटावरचा, साठ वर्षं झाली रोपवाटिका चालवतोय, तरी आजही लग्नात कुणी ओळख करून दिली की "हे सासवडचे". सासवडला माझं राहिलंय काय, एक पडकी भिंत आणि भावकी. असो. डोळ्याला कमी दिसतं, बोलून टाईप करतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

नीरेचा डावा कालवा १८८५ ला सुरू झाला तशी आमची सासवडची माळी मंडळी आधी बारामतीकडे उतरली, मग गोदावरीच्या कालव्यांवर कोपरगाव-पुणतांब्याला, आणि भंडारदऱ्याचं धरण १९२६ ला पुरं झालं त्या सुमारास प्रवरेवर. इथला शेतकरी बाजरीचा. उसाला पेंड लागते, शेणखत लागतं, गुऱ्हाळ लागतं, वर्षभर पैसा अडकतो, तो त्याच्याकडे नव्हता, म्हणून जमिनी खंडाने, म्हणजे ठरलेल्या मोबदल्यावर कसायला मिळाल्या. लुबाडल्या म्हणणाऱ्याने तेव्हाची सावकारी आठवावी.

आणि सगळेच बागायतदार नव्हते हो. माझे वडील १९३३ ला आले ते एका मोठ्या मळ्यावर गुळवे म्हणून. काहिलीतल्या रसाची चिक्की पाण्यात टाकून बोटाने बघायची आणि काहील कधी उतरवायची ते सांगायचं, एवढीच इस्टेट. आई बेलापूर रोड स्टेशनवर उतरली (आताचं श्रीरामपूर) तेव्हा तिला दिशाच कळेना, कारण सासवडला मान वर केली की पुरंदर दिसतो आणि इथं चहूकडे काळं सपाट रान, झाड म्हणून बाभळ. पाचटाचं छप्पर, त्यात दोन वर्षं. पाटाच्या पाण्याबरोबर डास आले, हिवताप घरात कायमचा, कोयनेलच्या गोळ्या गुळात घालून आम्हाला गिळायला लावायची. पहिल्या रात्री भाकरी दिली ती शेजारच्या मराठ्याच्या घरानं, पुढे त्यांचीच सहा एकर वडिलांनी खंडाने केली आणि त्यांच्या पोराला ऊस लावायला शिकवला. त्यामुळे ते "आम्ही विरुद्ध ते" असलं मला सांगू नका.

आता चोपण. इथं माझं दुखणं आहे.

१९६२ ला आमच्या दादाने, म्हणजे थोरल्या भावाने, स्वतःच्या चार एकरांत मोसंबी लावली. रोपं माझी. माझ्या हातचा पहिला मोठा लॉट, जंबेरीच्या खुंटावर (म्हणजे खालचं मुळाचं रोप जंबेरी लिंबाचं) मोसंबीचे डोळे भरून कलम केलेला. तेव्हा प्लास्टिकची पट्टी नव्हती, केळीचं सोपट (खोडाची वाळकी साल) रात्री भिजत घालायचं, सकाळी त्याचे धागे काढायचे, खुंटाला चाकूने इंग्रजी टी सारखा काप घ्यायचा, साल अलगद उचलून डोळा सरकवायचा आणि सोपटाने आवळायचं, इतकं की डोळा सुटा राहील पण वारा शिरणार नाही. दिवसाला दोनशे भरायचो, अंगठ्याचं कातडं अजून जाड आहे. बाग काय आली होती! पाचव्या-सहाव्या वर्षी आंबे बहार (जानेवारी-फेब्रुवारीतली फुलं) धरला तर फांद्यांना टेकू द्यावे लागले.

मग पानं पिवळी पडायला लागली. दादा म्हणाला पाणी कमी पडतंय. पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याशी त्याचं बरं होतं, पाळी आली की रात्रभर दारं धरून बाग तुडुंब करायचा, खोडाला पाणी टेकलेलं. मी म्हणालो दादा, खड्डा काढून बघ. नाही म्हणाला. शेवटी मीच कुदळ घेतली, अडीच फुटांवर पाणी लागलं, चक्क पाणी. कडेच्या बांधावर तर पांढरं फुटलं होतं, जिभेला लावलं तर खारट. त्याला म्हणालो चर काढ, खालच्या ओढ्यापर्यंत नेऊ, खर्च अर्धा माझा. तो म्हणाला चरात माझी अर्धा एकर जाईल. बुंध्याला डिंक्या लागला, साल उकलून डिंक गळायला लागला, आणि गावभर सांगत सुटला की धाकट्याने रोपं खराब दिली. माझ्या धंद्याची पहिली सात-आठ वर्षं त्या एका वाक्याने खाल्ली!

१९७२ चा दुष्काळ पडला आणि पाट आटला. सगळीकडे बागा वाळत होत्या, आणि दादाच्या बागेत जी चाळीसेक झाडं उरली होती त्यांना नवी पालवी आली. पाणी तोडल्यावर! याच्यापुढे मला पुरावा नको. दादाला बांधावर उभं करून दाखवलं, तो म्हणाला "मृगाची हवा लागली असेल."

तर जमीन चोपण सासवडकराने केली की स्थानिकाने, हा प्रश्नच चुकीचा आहे. भारी काळी जमीन, खाली मुरूम नाही, पाट वरून पाझरतोय, उसाला सारखं पाणी आणि निचऱ्याचा चर कुणालाच नको, कारण चरात जमीन जाते आणि शेजाऱ्याशी भांडण होतं. ज्याने चर काढला त्याची जमीन टिकली, जात-गाव कुठलं का असेना. हां, एक आहे, खंडाची जमीन ज्याच्याकडे होती त्याला चर काढायची हौस कमीच असणार, पाच-दहा वर्षांनी सोडायचीच आहे. तेवढं तुमचं म्हणणं मान्य.

आता मोसंबी लावणार असाल तर (विचारलं नाहीत, पण सांगतो) आधी तीन-चार फूट खड्डा काढून पावसाळ्यानंतर बघा पाणी कुठं आहे. रोप रंगपूर लिंबाच्या खुंटावरचं घ्या, डोळा जमिनीपासून वीतभर तरी वर हवा, लावताना तो मातीत गाडू नका. दुहेरी आळं करा, पाणी बाहेरच्या आळ्यात, खोड कोरडं. पावसाळ्याआधी बोर्डो पेस्ट लावा, किलो मोरचूद, किलो चुना, दहा लिटर पाणी. ठिबक असेल तर उत्तम, पण ठिबक आहे म्हणून दिवसभर चालू ठेवणारेही बघितलेत मी.

आता लिहितोच आहे तर एक कबूल करतो, दादा असताना कधी बोललो नाही. त्या लॉटचे डोळे मी जमिनीपासून चार बोटांवर भरले होते. तेव्हा सगळेच तसे भरायचे, वाकून काम सोपं जायचं, नाही असं नाही. पाणी तुंबलं तेव्हा ते थेट सांध्याला लागलं. वीतभर वर असते तर दोन-तीन वर्षं जास्त जगली असती बाग, त्याहून जास्त नाही.

मागच्या डिसेंबरात दादाचा नातू शंभर रोपं घेऊन गेला, रंगपूरवरची. पैसे पूर्ण घेतले. चर काढलास का विचारलं तर हो म्हणाला. एकदा जाऊन बघणार आहे.