मोबाईलवर दोन तास हलत नाही, मग अभ्यासालाच काय होतं?

"मॅडम, मोबाईल दिला की दोन तास जागचा हलत नाही. मग लक्ष लागत नाही असं कसं म्हणायचं? आळसच ना हा?" पाचवीतल्या मुलाची आई विचारत होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलगा शेजारी बसून पाण्याच्या बाटलीवरचं लेबल नखाने सोलत होता. मी त्याची गणिताची वही चाळली. गुणाकार अचूक, पण दर चार-पाच उदाहरणांनंतर एखादं हातचा लिहून तिथेच सोडलेलं. येत नव्हतं असं नाही, वाटेत सुटत होतं.

"इथे कुठे गेला होतास रे?"

"माहीत नाही."

आईला मी गेमवरूनच समजावलं. मेंदूतल्या पेशी एकमेकींना रसायनांतून निरोप देतात. डोपामिन त्यातलं एक. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांत दिसलं, की अनपेक्षितपणे रसाचा थेंब मिळाला की डोपामिनच्या पेशी जोरात चेततात. मिळणार हे आधीच कळलेलं असेल तर थेंबाला तेवढ्या चेतत नाहीत. गेममध्ये असा थेंब क्षणाक्षणाला पडतो. गुणाकाराचा थेंब पडतो थेट निकालाच्या दिवशी.

कपाळामागचा भाग हातातलं काम धरून ठेवतो. त्याला डोपामिन आणि तसंच निरोप देणारं दुसरं रसायन, नॉरअ‍ॅड्रेनालिन बेताचं लागतं. कमी पडलं तर मन भरकटतं, आणि धाक-ताणाने फार वाढलं तरी पकड सुटते.

"म्हणजे मी ओरडते तेव्हा..." आई एवढंच बोलली.

वडिलांनी 'डोपामिन डिटॉक्स' म्हणून आठवडाभर मोबाईल, टीव्ही, खेळ सगळं बंद केलं होतं. मोबाईलच्या वेळेला मर्यादा हवीच, पण डोपामिन ही धुऊन काढायची घाण नव्हे. ते फार कमी झालं तर पार्किन्सनसारखं हालचालच अडखळवणारं दुखणं होतं.

एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं किंवा चंचलपणा आवरणं सतत अवघड जाण्याची अडचण, आहे का, हे रक्त तपासून कळत नाही. लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासून, घरी आणि शाळेत दोन्हीकडे, किमान ६ महिने आहेत का ते बघावं लागतं. मी त्यांना बालमानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. निदान आणि औषध त्यांनी ठरवायचं.

घरी एकच बदल सुचवला: पाच उदाहरणं झाली की आईने लगेच तपासून बरोबरची खूण करायची, मग अंगणात एक चक्कर.

तिसऱ्या भेटीत त्याने वही स्वतःहून उघडली. अकराव्या उदाहरणात हातचा तसाच राहिला होता. त्याभोवती त्यानेच पेन्सिलीने गोल केला होता.

"मॅडम, इथे गेलो होतो."