विकिपीडियावर फुकटात एडिटिंग करून मिळतं काय?

विचारणाऱ्याने एका दमात तीन गोष्टी विचारल्यात, हे बिनपगारी संपादक दिवसभर करतात काय, त्यातून त्यांना मिळतं काय, आणि नवीन माणसाने सुरुवात कुठून करावी. मी अकरा-एक वर्षं हे करतोय, मधे चिडून वर्षभर सोडलं पण होतं, त्यामुळे जमेल तसं सांगतो.

आधी पैशाचं. शून्य. नाव पण नाही, कारण लेखाखाली लेखकाचं नाव येतच नाही, 'इतिहास' टॅब उघडून बघावं लागतं आणि तिथे आमच्यासारखे रिकामटेकडे सोडून कोण जातंय.

लोकांना वाटतं आम्ही सारखे लेख लिहीत बसतो. लिहिणं असतं हो, पण त्याहून जास्त वेळ साफसफाईत जातो. कोणीतरी येऊन एखाद्या राजाच्या पानावर वर्गातल्या मित्राचं नाव घालून जातं, कोणी आपल्या क्लासची जाहिरात चिकटवतं, कोणी आवडत्या हिरोच्या प्रत्येक वाक्यात 'महान' आणि 'सुप्रसिद्ध' पेरून ठेवतं, ते सगळं वेचून काढायचं. काही किरकोळ कामं बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, करतात, मराठी विकिपीडियावर बॉटला 'सांगकाम्या' म्हणतात, हा शब्द ज्याला सुचला त्याला माझा नमस्कार.

माझा पहिला लेख दुसऱ्याच दिवशी उडवला गेला. मी एका वेबसाइटवरचा मजकूर चार शब्द इकडेतिकडे करून टाकला होता, मला वाटलं माहिती ती माहिती, कुठूनही आणली म्हणून काय झालं. प्रचालकाने, म्हणजे पानं उडवायचे जादा अधिकार असलेल्या संपादकाने, चर्चा पानावर (संपादक आपसात बोलतात ते पान) शांतपणे समजावलं की इथला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सखाली जातो, म्हणजे श्रेय देऊन आणि त्याच अटींवर कोणीही तो वापरू शकतो, अगदी छापून विकूही शकतो. आता जो मजकूर माझा नाहीच तो असा जगाला वाटून टाकायचा हक्क मला कुठून आला? दुसऱ्याची सायकल दान करण्यातला प्रकार. तेव्हा राग आला होता, आज मीच नवीन लोकांना हे समजावतो आणि ते माझ्यावर रागावतात.

पण मला खरा धडा मिळाला तो एका पुलामुळे. एका जुन्या पुलाच्या लेखात मी बांधकामाचं वर्ष टाकलं, समोरच्या पुस्तकात १८८६ होतं आणि मी टाइप केलं १८६८. संदर्भ द्यायचा कंटाळा केला, म्हटलं नंतर देऊ. नंतर म्हणजे कधी ते तुम्हाला माहीतच आहे. दोनेक वर्षांनी सहज ते पान उघडलं तर चूक दिसली, दुरुस्त केली, आणि तासाभरात कोणीतरी माझा बदल उलटवला. वर संदर्भ म्हणून एका वर्तमानपत्राची लिंक, त्यात ठळक अक्षरात १८६८! मी चक्रावलो, म्हटलं पुस्तकच चुकलं की काय. मग बातमीची तारीख बघितली तर ती माझ्या त्या एडिटनंतर आठ महिन्यांनी छापलेली. म्हणजे माझी टायपिंगची चूक बातमीदाराने उचलली आणि तीच आता माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून उभी. शेवटी पानाच्या इतिहासातली माझ्या एडिटची तारीख आणि वेळ, बातमीची तारीख आणि पुस्तकाचा पान क्रमांक हे सगळं चर्चा पानावर मांडलं, स्वतःचीच चूक स्वतःच साग्रसंगीत सिद्ध केली, तेव्हा कुठे समोरचा मानला. त्याचं काही चुकलं नव्हतं, त्याच्याकडे लिंक होती.

तेव्हापासून साधा आकडासुद्धा मी संदर्भाशिवाय टाकत नाही. तुम्हाला एखादी गोष्ट माहीत आहे याला इथे काडीची किंमत नाही, ती कुठल्यातरी विश्वासू ठिकाणी छापून आलेली आणि वाचकाला तपासता येण्यासारखी हवी. तज्ज्ञ लोक इथेच भडकतात आणि त्यांचं मला पटतंही. पण विकिपीडियाच्या आधी नुपीडिया नावाचा ऑनलाइन ज्ञानकोश होता, तज्ज्ञांनी लिहायचं आणि तपासणीचे सात टप्पे पार करायचे, तर पहिल्या वर्षात दोन डझन लेखही पूर्ण झाले नाहीत. मग १५ जानेवारी २००१ ला विकिपीडिया सुरू झाला आणि दार सगळ्यांना उघडं केलं.

हा नियम फसतो पण, आणि जोरात फसतो. डॉना स्ट्रिकलंड म्हणून कॅनडाच्या भौतिकशास्त्रज्ञ आहेत, लेझरवर काम केलेल्या. मे २०१८ मध्ये त्यांच्यावरच्या लेखाचा कच्चा मसुदा इंग्रजी विकिपीडियावर नाकारला गेला, कारण काय तर दिलेल्या संदर्भांवरून उल्लेखनीयता, म्हणजे स्वतंत्र लेख व्हावा इतकं बाहेर लिहिलं गेलेलं असणं, दिसत नाही. २ ऑक्टोबरला त्यांना नोबेल जाहीर झालं आणि त्याच दिवशी लेख धावत आला. नाकारणाऱ्याला तेव्हा बऱ्याच शिव्या बसल्या, पण मला विचाराल तर तो नियमाप्रमाणेच वागला होता आणि दुखणं तिथेच आहे. ज्यांच्याबद्दल बाहेर कोणी लिहीतच नाही त्यांना आम्ही आत कसं घेणार, आणि बायकांबद्दल बाहेर मुळात कमी लिहिलं जातं.

मिळतं काय म्हणाल तर एक खोड मिळते. कोणी गप्पांत आकडा फेकला की माझ्या तोंडून आपोआप 'संदर्भ?' निघतं, त्यामुळे दोनतीन ग्रुपवर मला आता कोणी विचारत नाही. पण एखाद्या आडबाजूच्या विषयावर आपण केलेलं पान महिन्याला तीनशे-चारशे लोक उघडतात हे आकडेवारीत दिसतं तेव्हा बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

सुरुवात करायची तर आल्या आल्या नवीन लेख करू नका, आणि स्वतःवर, वडिलांवर किंवा स्वतःच्या कंपनीवर तर अजिबात नको. ऱ्हस्वदीर्घ सुधारा, तुटलेली लिंक बदला, धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, हवा तेवढा गोंधळ घाला, ती त्यासाठीच आहे. तुमचा बदल उलटवला तर लगेच परत उलटवू नका, चर्चा पानावर विचारा. इंग्रजी विकिपीडियावर २४ तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलंत तर ब्लॉक होऊ शकता, आणि तेव्हा तुमचं म्हणणं बरोबर होतं का हे सहसा कोणी बघत बसत नाही.

त्या पुलाचं पान अजून माझ्या वॉचलिस्टमध्ये, म्हणजे लक्ष ठेवायच्या पानांच्या यादीत, आहे. ती जुनी बातमी नेटवर तशीच पडलीये, त्यामुळे वर्षातून एकदा तरी कोणीतरी प्रामाणिकपणे येऊन १८६८ करून जातं. मागच्या वेळी मी बघेपर्यंत दुसऱ्याच कोणीतरी ते परत १८८६ केलं होतं, नाव ओळखीचं नव्हतं.